जुन्या माऊसची दुरुस्ती

घरात उंदीर शिरला म्हणजे माणसे हैराण होतात. संगणकाचा उंदीर निपचित पडला म्हणजेही त्यांची तीच अवस्था होते. हाताच्या तळव्यात मावणारे हे साधन मागे शेपटीसारखी तार बाळगते, म्हणून त्याला इंग्रजीत उंदराचेच नाव मिळाले. मराठीतही माऊस हाच शब्द रूढ झाला आहे.

माऊसचा जन्म अमेरिकेत झाला. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील डग्लस एंगेलबार्ट यांनी त्याची कल्पना मांडली आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास ती प्रत्यक्षात आणली. तो पहिला माऊस लाकडी होता. त्याच्या तळाशी एकमेकांशी काटकोन करणारी दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे लोकांनी त्याचा प्रयोग पाहिला. पुढे चाकांची जागा गोळ्याने घेतली, आणि शाळाशाळांतून व कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे राबला तो हा गोळ्याचा माऊस. १९९९ नंतर प्रकाशावर चालणारे माऊस झपाट्याने पसरले व गोळ्याचा माऊस अडगळीत गेला.

मग त्याची दुरुस्ती कशासाठी करावयाची, असे तुम्ही विचाराल. जुन्या संगणकांपैकी पुष्कळांना यूएसबी ही आजची जोडणी नसते. त्यांना नवा माऊस थेट लावता येत नाही. अशा एखाद्या यंत्रात वाचनालयाची ग्रंथसूची किंवा पतपेढीचे जुने हिशेब असले, तर त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट या क्षुल्लक दिसणाऱ्या उंदराच्या हाती असते.

दुरुस्तीपूर्वी त्याची रचना समजून घेतली पाहिजे. माऊसच्या पोटात रबराचे आवरण असलेला जड पोलादी गोळा असतो. माऊस सरकवला की गोळा मेजावर गडगडतो आणि त्याला टेकलेले दोन बारीक रूळ फिरवतो. एक रूळ डावी-उजवी गती ओळखतो, दुसरा पुढची-मागची. तिसरा एक लहान रूळ स्प्रिंगच्या जोराने गोळ्याला या दोघांवर दाबून धरतो. प्रत्येक मुख्य रुळाच्या टोकाला खाचा पाडलेली चकती असते. चकतीच्या एका बाजूस अवरक्त किरणांचा दिवा आणि दुसऱ्या बाजूस ते किरण ओळखणारे दोन डोळे असतात. चकती फिरली की किरण क्षणात अडतो, क्षणात सुटतो. किती वेळा सुटला यावरून अंतर कळते. पण दिशा कशी कळावी? दोन डोळे किंचित पुढे-मागे बसवलेले असतात. कोणत्या डोळ्याला किरण आधी दिसला, यावरून रूळ कोणीकडे फिरला हे ठरते. या युक्तीचे मला आजही कौतुक वाटते.

आता आजाराकडे वळू. पडद्यावरील बाण वर-खाली नीट जातो, पण आडवा जाताना अडखळतो, असे समजा. मग दोष गोळ्यात नाही, तारेतही नाही. आडवी गती ओळखणाऱ्या रुळापाशीच तो शोधावयाचा. वैद्य नाडी पाहून रोगाची जागा ओळखतो, तसेच हे आहे.

बहुतेक वेळा दोष म्हणजे निव्वळ मळ. आमचे अर्धापूर केळीच्या बागांसाठी ओळखले जाते. पण बागांबाहेरच्या काळ्या रानातून वैशाखात जी बारीक धूळ उडते, ती मिटलेल्या खिडक्यांनाही जुमानत नाही. ही धूळ, कपड्यांचे तंतू आणि हाताचा ओशटपणा गोळ्याला चिकटून आत जातो व रुळाच्या मध्यभागी त्याचे घट्ट कडे बनते. त्यामुळे रूळ जाड होतो. समजा, मूळ रुळाचा व्यास ४ मिलिमीटर आहे. मळाने तो ५ झाला. १५७ मिलिमीटर अंतर जाताना जेथे साडेबारा फेऱ्या व्हाव्यात, तेथे दहाच होतात, आणि बाण मंद चालतो. मळाचा थर उंचसखल असला तर तो उड्या मारू लागतो.

काम सुरू करण्यापूर्वी संगणक बंद करून माऊसची जोडणी काढावी. तळाची गोल चकती तिच्यावरील बाणाच्या दिशेने फिरवली की सुटते व गोळा हातात येतो. तो सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. स्पिरिट त्याला लावू नये. रबर कडक होण्याचा संभव असतो. रुळांवरील कडे मात्र लाकडी काडीने हलकेच सोडवावे आणि मग स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने रूळ पुसावेत. सुरी किंवा सुई वापरू नये. रुळावर ओरखडा पडला की तेथे मळ पुन्हा लवकर धरतो.

एवढ्याने भागले नाही, तर कवच उघडावे लागते. त्याचे स्क्रू पुष्कळदा तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली किंवा चिठ्ठीखाली दडलेले असतात. चकत्यांच्या खाचांतील धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. उघड्या माऊसची परीक्षा उन्हात मात्र घेऊ नये, कारण सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात आणि ते डोळ्यांना फसवतात.

एकदा दाबले असता दोनदा दाबल्यासारखे होत असेल, तर कळीखालच्या छोट्या पेटीतील धातूची पातळ पट्टी थकलेली असते. ती पेटी डाख सोडवून बदलणेच बरे. तार हलवताच माऊस जागा होत असेल, तर ती कवचात शिरते त्या वळणाजवळ आतून तुटलेली असण्याचा फार संभव. तेवढा तुकडा कापून, रंग पाहून तारा पुन्हा जोडाव्यात. हे डाखाचे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे, कारण तापलेल्या सळईचा चटका वाईट असतो.

शेवटी गोळा आत टाकून चकती उलट फिरवावी, संगणक सुरू करावा आणि बाण पडद्याच्या चारही कोपऱ्यांपर्यंत सावकाश नेऊन पाहावा.