खारा वारा आणि साथीच्या वाटा

हर्णे बंदरात, सुवर्णदुर्गाच्या समोरच्या ओल्या वाळूवर मासळीचा जो लिलाव भरतो, त्यात एका वेळी शेकडो माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात. पाण्यात नांगरलेल्या नौकांवरून होड्या आणि बैलगाड्या कोळंबीच्या, पापलेटच्या पाट्या किनाऱ्यावर आणतात, बोली चढत जाते, आणि या सगळ्या गलबल्यावरून पश्चिमेचा वारा अखंड वाहत असतो. श्वासाच्या साथींविषयी या किनाऱ्यावर जो समज दृढमूल होऊन बसला आहे, त्याचा उगम बहुधा याच दृश्यात असावा. खाऱ्या वाऱ्यात असले रोग टिकत नाहीत, ते मुंबई-पुण्याच्या कोंदट वस्तीचे रोग आहेत, आणि आमच्या बंदरावर ते आलेच तर कुणीतरी बाहेरून आणले म्हणूनच येतात, असा तो समज आहे. त्यात सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच निखालस खोट्या समजापेक्षा तो मला अधिक घातक वाटतो.

इन्फ्लुएंझा काय किंवा कोरोना काय, या विषाणूंचे मुख्य वाहन माणसाचा उच्छ्वास हेच होय. खोकताना, मोठ्याने बोली पुकारताना, इतकेच नव्हे तर साधे बोलतानाही नाका-तोंडातून ओलसर कण बाहेर पडतात. त्यांतले जड कण दोन-चार हातांच्या आत खाली पडतात, पण जे अतिसूक्ष्म असतात ते बंद खोलीत चुलीच्या धुरासारखे तरंगत राहतात आणि रुग्ण उठून गेल्यावरही काही काळ तेथल्या हवेत असतात. उघड्या किनाऱ्यावर हा धूर साचत नाही, वारा त्याला पांगवून टाकतो. श्रेय वाऱ्याचे आहे, मिठाचे नव्हे. परंतु लिलाव आटोपल्यावर तीच माणसे कोठे जातात हे पाहिले, म्हणजे या भरवशाचा तोकडेपणा ध्यानात येतो. कित्येक दिवस समुद्रावर राहणाऱ्या नौकेच्या चिंचोळ्या केबिनीत तांडेल आणि खलाशी अंगाला अंग लावून निजतात. दापोलीची एस्टी पावसात सगळ्या खिडक्या बंद करून चालते. लग्नघराच्या माजघरात रात्रभर पंचवीस माणसे दाटीवाटीने असतात. समुद्रापासून शंभर पावलांवर असलेले माजघरही, दारे लावली की, परळच्या चाळीतल्या खोलीइतकेच कोंदट होते.

दुसरा समज असा, की साथ पुरासारखी येते. म्हणजे एका गावातून शेजारच्या गावात, तेथून पुढच्या गावात, जमिनीला धरून सरकत येते, आणि ती शंभर कोसांवर आहे तोवर आपण निर्धास्त असावे. १९१८ सालची साथ, जिला आपल्या आज्या-पणज्यांनी मानमोडी हे नाव दिले, तिची हकीकत या समजाला मुळीच आधार देत नाही. त्या वर्षी १० जून रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले, आणि त्यांतला एक गोदीवर नेमणुकीस होता. पाठोपाठ गोदीतले कामगार, पेढ्यांतले कारकून आणि गिरण्यांतले मजूर अंथरूण धरू लागले. ही पहिली लाट जुलैत ओसरली. सप्टेंबरात दुसरी उठली, आणि ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. हिंदुस्थान सरकारचे आरोग्य आयुक्त नॉर्मन व्हाइट यांनी पुढच्या वर्षी जो अहवाल दिला, त्यात या प्रसाराशी रेल्वेचा असलेला निकटचा संबंध स्पष्टपणे नमूद आहे. आगगाडी जेथे थांबे तेथे रोग उतरे, आणि दोन स्थानकांमधली आडबाजूची खेडी तेवढ्यापुरती वगळली जात. मागाहून स्थानकाच्या गावी बाजारहाटाला गेलेली माणसे त्याला तेथपर्यंत नेत.

रत्नागिरी जिल्ह्यात त्या वेळी रेल्वे नव्हती, आणि कोकण रेल्वे पूर्णत्वास जाण्यास १९९८ साल उजाडावे लागले. पण येथे आगबोट होती. ती हर्ण्यास खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागत. १९११ च्या खानेसुमारीत मुंबईच्या सुमारे पावणेदहा लाख वस्तीपैकी दोन लाखांहून अधिक माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. म्हणजे गिरणगावातला प्रत्येक रोग हा या जिल्ह्याच्या घरातलाच रोग होता. घाटापलीकडचे कऱ्हाड नकाशावर जवळ दिसते, परंतु हर्ण्याच्या माणसाला परळ त्याहून जवळ होते. साथीचे अंतर कोसांत मोजून भागत नाही. किती माणसे, किती वेळा आणि कोणत्या वाहनात दाटीने बसून येतात-जातात, या हिशेबाने ते मोजावे लागते.

यावरून कुणी असा निष्कर्ष काढील, की मग दोष मुंबईहून गावी येणाऱ्या चाकरमान्यांचाच. कोरोनाच्या साथीत, २०२० च्या मे महिन्यात, हा निष्कर्ष कोकणात अनेक गावांच्या वेशीवर आडव्या बांबूंच्या रूपाने उभा होता, आणि ज्यांच्या मनिऑर्डरींवर त्या गावांतल्या चुली पेटल्या होत्या त्यांनाच शाळेच्या खोलीत चौदा दिवस काढावे लागले. त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले, दापोली-मंडणगड भागातल्या घरांची कौले आणि पत्रे उडाले, आणि ज्यांचे छप्पर गेले त्यांना शेजाऱ्याच्या छपराखाली जावे लागले. लोकांच्या भयाला मी हसणार नाही, कारण दार वेळीच आणि पुरते लावले तर ते उपयोगी पडते, याला इतिहासाचा दाखला आहे. १९१८ च्या ७ नोव्हेंबरला टालुने नावाची आगबोट पश्चिम सामोआच्या बंदरात रुग्णांसह शिरली, आणि काही आठवड्यांत त्या बेटांवरची सुमारे एक पंचमांश प्रजा मरण पावली. शेजारच्या अमेरिकन सामोआने जहाजांना कडक मनाई केली, तेथे या रोगाने एकही मृत्यू झाला नाही. पण ती समुद्राने वेढलेली बेटे होती, आणि पहिला रुग्ण उतरण्यापूर्वी हुकूम अंमलात आला होता. कोकण हे बेट नव्हे. शिवाय या रोगांत माणूस लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच विषाणू बाहेर टाकू लागतो, त्यामुळे वेशीवर कपाळाचे तापमान पाहणारा पहारेकरी कितीही दक्ष असला तरी त्याच्या नजरेतून काही जण सुटणारच. आणि एकदा गावातल्या गावात संसर्ग सुरू झाला, की वेशीवरचा बंदोबस्त जवळजवळ निरर्थक होतो, कारण तेव्हा लक्ष ठेवायचे ते आपल्याच माजघरावर.

चाकरमानी आजारी पडला तो शहरातला म्हणून नव्हे, तर तो जेथे राहतो त्या खोलीमुळे. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत जी रक्ततपासणी झाली, तीत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली, आणि त्याच प्रभागांतल्या इतर वस्तीत अवघ्या १६ टक्क्यांच्या. शहर तेच, हवामान तेच. फरक होता तो एका खोलीत किती जण निजतात आणि एक शौचालय किती कुटुंबे वापरतात याचा. १९१८ मध्ये मुंबईत सरकारी दप्तराने ‘खालच्या’ ठरवलेल्या जातींतले दर हजारी ६१ लोक मेले आणि युरोपियनांपैकी सुमारे ८. साथ सर्वांना सारखीच लेखते, हे वाक्य आपण सांत्वनासाठी बोलतो. आकडे तसे बोलत नाहीत.

प्रसाराचा वेगही आपल्या अंदाजाला नेहमी चकवतो, कारण मन बेरजेने विचार करते आणि साथ गुणाकाराने वाढते. एकाचे दोन, दोनांचे चार, अशी एकूण रुग्णसंख्या दर तीन दिवसांनी दुप्पट धरली, तर महिनाअखेर दहाव्या दुपटीला एक हजार चोवीस रुग्ण होतात, आणि त्यांतले पाचशे बारा शेवटच्या तीन दिवसांत वाढलेले असतात. ‘काल-परवापर्यंत तर काहीच नव्हते’ हे जे उद्गार प्रत्येक साथीत ऐकू येतात, ते खोटे नसतात. गुणाकार तसाच दिसतो. प्रत्यक्षात हा गुणाकार सर्व रुग्णांत समान नसतो, हेही येथे सांगितले पाहिजे. बहुतेक रुग्ण एकालाही बाधित करीत नाहीत, आणि थोडेसे रुग्ण, ते नेमक्या वेळी बंद जागेतल्या गर्दीत असल्यामुळे, दहा-वीस जणांना बाधित करतात. म्हणून एक लग्नघर टळले, तर दहा सामान्य भेटी टळल्याहून अधिक लाभ होतो.

लाट ओसरली म्हणजे रोग गेला, या समजाची किंमत आपण दोनदा मोजली आहे. १९१८ च्या जूनमधली मानमोडी सौम्य होती, आणि तिच्यावरून सप्टेंबराचा अंदाज करणारे फसले. २०२१ च्या आरंभी साथ सरली असे मानून आपण समारंभांना लागलो, आणि एप्रिल-मेमध्ये प्राणवायूच्या टाक्यांसाठी धावलो. उन्हाळ्यात विषाणू मरतो ही समजूतही त्याच एप्रिल-मेने निकालात काढली. जवान आणि धट्टेकट्टे सुरक्षित असतात, हा समज कोरोनाच्या बाबतीत बहुतांशी खरा ठरला, पण मानमोडीत वीस ते चाळीस या वयाचीच माणसे सर्वाधिक मेली, त्यांतही स्त्रिया अधिक. एकतर आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्यावरच पडलेली, आणि त्या वर्षी पाऊस बुडून धान्य महागल्यामुळे घरातला शेवटचा घासही त्यांच्याच वाट्याचा.

मृतांचे आकडे हा सरकारने लपवलेला किंवा वर्तमानपत्रांनी फुगवलेला मामला असतो, असेही पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती अधिक साधी आणि अधिक दुःखद आहे. १९१८ साली गावच्या मयत-नोंदीत बहुसंख्य मृत्यू नुसत्या ‘ताप’ या सदराखाली पडले, आणि कित्येक गावांत नोंद करणाराच अंथरुणाला खिळला होता. म्हणून हिंदुस्थानातल्या मृतांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत पसरलेले आहेत. आजच्या भारताच्या भूभागाची लोकसंख्या १९११ ते १९२१ या दशकात घटली, आणि १९०१ नंतरच्या खानेसुमाऱ्यांत अशी घट दुसऱ्या कोणत्याही दशकात झालेली नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने भारतात ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज केला. भारत सरकारने तो अमान्य केला, सरकारी आकडा त्याच्या सुमारे दशांश होता. दप्तरात न आलेला मृत्यू पुढच्या साथीच्या तयारीतही धरला जात नाही, म्हणून ही नोंद नीट होणे मला औषधाइतकेच महत्त्वाचे वाटते.

मासळीतून कोरोना येतो, ही अफवा एका वाक्यापलीकडे महत्त्व देण्याजोगी नाही: शिजवलेल्या मासळीतून असा रोग झाल्याचा पुरावा नाही, धोका असलाच तर तो मासळी घेताना समोर खोकणाऱ्या माणसाचा.

हर्ण्याला खरी काळजी करण्याची वेळ दरवर्षी येते, आणि ती पंचांगातच लिहिलेली आहे. महाराष्ट्रात इन्फ्लुएंझाचा जोर साधारणपणे जुलै ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत असतो. जून-जुलैची मासेमारीबंदी असल्याने नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, झडीमुळे दारे-खिडक्या लावलेल्या असतात, मग नारळी पौर्णिमा होऊन समुद्र खुला होतो आणि लगोलग गौरी-गणपतीसाठी मुंबईच्या भरगच्च गाड्या येतात. वृद्ध, गरोदर स्त्रिया, दम्याचे आणि मधुमेहाचे रुग्ण यांनी इन्फ्लुएंझाची लस पावसापूर्वी, मे महिन्यातच घ्यावी, कारण तिचा गुण येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. तापाच्या माणसाची खाट माजघरात न मांडता पडवीत, उघड्या खिडकीशी मांडावी, आणि त्याची सेवा करणारीने मुखपट्टी बांधावी. आणि नौका सुटण्याच्या वेळी एखाद्या खलाशाचे अंग तापलेले असेल, तर तांडेलाने त्याला त्या फेरीपुरते किनाऱ्यावर ठेवावे, पण त्याचा वाटा मात्र कापू नये. वाटा जाईल या भयाने तो ताप लपवील, आणि त्या रात्री केबिनीत त्याच्या शेजारी सात-आठ जण निजतील.