वादळाचा वेग आणि वादळाचा विस्तार

वादळाची सूचना आली की मालवण, वेंगुर्ले, देवगड या किनाऱ्यावरील आपल्या धर्मग्रामांत पहिला प्रश्न विचारला जातो, तो वाऱ्याच्या वेगाचा. प्रश्न योग्य आहे, पण अपुरा. जाहीर होणारा कमाल वेग हा वादळाच्या डोळ्याभोवतीच्या अरुंद कड्यापुरताच असतो. डोळ्यात वारा मंद, त्याच्या कडेला प्रचंड, आणि तेथून बाहेर तो ओसरत जातो. किती अंतरावर ओसरेल, हे मात्र प्रत्येक वादळाचे निराळे. १९७४ साली ऑस्ट्रेलियातील डार्विन शहर उद्ध्वस्त करणाऱ्या ट्रेसी वादळाचे झंझावाती वारे केंद्रापासून सुमारे ५० किलोमीटरपर्यंतच होते. १९७९ च्या टिप या पॅसिफिक महासागरातील वादळाचे सुमारे १,१०० किलोमीटरपर्यंत! कधी जुन्या कड्याबाहेर नवे कडे तयार होते. तेव्हा कमाल वेग घटतो, पण वादळ रुंदावते. म्हणून ‘जोर कमी झाला’ ही बातमी नेहमीच दिलासा देणारी नसते.

ऑक्टोबर २०१९ मधील ‘क्यार’चा अनुभव आपल्याला आहेच. त्याच्या वाऱ्यांनी ताशी सुमारे २४० किलोमीटरचा वेग गाठला, पण तो भर समुद्रात, आपल्यापासून दूर गेल्यावर. आपल्या किनाऱ्याला उधाणाने झोडपले तेव्हा ते महाचक्रीवादळ झालेलेच नव्हते.

दुसरी गोष्ट बाजूची. आपल्याकडे वादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. वादळ आपल्या पश्चिमेकडून उत्तरेला सरकते, तेव्हा किनारा त्याच्या उजव्या हाताला येतो आणि वादळाच्या चालीचा वेग वाऱ्याच्या वेगात मिळतो. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ असेच गेले. ते जमिनीवर आदळले गुजरातेत, पण देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या दोन नौका बुडाल्या व खलाशांचे प्राण गेले. अशा वेळी वारा प्रथम पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून येतो, मग दक्षिणेकडून आणि शेवटी नैर्ऋत्येकडून. सकाळी आडोशाची वाटलेली जागा संध्याकाळी उघडी पडते, ती यामुळेच.

भारतीय हवामान विभागाच्या पत्रकांत २८, ३४, ५० व ६४ नॉटचे वारे (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) केंद्रापासून कोणत्या दिशेला किती दूर पोहोचतील, हे दिलेले असते. वादळ आपल्या पश्चिमेकडून जाणार असेल, तर त्यातील ईशान्य व आग्नेय दिशांचे आकडे आपल्या किनाऱ्याचे.