संकेतस्थळांच्या चाचण्यांची रचना

संकेतस्थळाच्या स्वयंचलित चाचणीत माणसाऐवजी एखादा प्रोग्राम ब्राउझर उघडतो, रकाने भरतो, बटणे दाबतो आणि पडद्यावर उमटलेला निकाल अपेक्षेप्रमाणे आहे की नाही ते ताडून पाहतो. या कामासाठी सर्वत्र वापरले जाणारे सेलेनियम हे साधन जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये थॉटवर्क्स या कंपनीत तयार केले. अशी चाचणी लिहिणे फारसे अवघड नसते. अवघड असते ती सांभाळणे. कोणते बटण दाबायचे हे प्रोग्रामला पानाच्या अंतर्गत मांडणीतील खुणेवरून, म्हणजे लोकेटरवरून, कळते. लॉगिनच्या बटणाची खूण शंभर चाचण्यांत लिहिलेली असेल आणि ती बदलली गेली, तर संकेतस्थळ सुरळीत चालू असतानाही त्या शंभरही चाचण्या कोसळतात.

डिझाइन पॅटर्न म्हणजे प्रोग्रामिंगमध्ये वारंवार उद्भवणाऱ्या अडचणीवरचा पारखलेला आणि नाव मिळालेला तोडगा. गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस यांच्या १९९४ मधील प्रसिद्ध ग्रंथात असे २३ पॅटर्न आहेत; मात्र चाचणीच्या क्षेत्रात सर्वाधिक रुजलेला ‘पेज ऑब्जेक्ट’ त्यांत नाही. पेज ऑब्जेक्टमध्ये प्रत्येक पानासाठी, किंवा पानाच्या एखाद्या भागासाठी, स्वतंत्र क्लास, म्हणजे प्रोग्रामचा स्वतंत्र घटक, लिहून सर्व लोकेटर त्यातच ठेवले जातात, आणि चाचणी केवळ ‘लॉगिन कर’ एवढेच सांगते. त्यामुळे खूण बदलली तरी दुरुस्ती एकाच जागी करावी लागते. निकालाची पडताळणीही याच क्लासमध्ये असावी काय, यावर मतभेद आहेत. सॉफ्टवेअरविषयक लेखक मार्टिन फाउलर यांचा कल ती बाहेर ठेवण्याकडे आहे, आणि तो योग्यही वाटतो, कारण पानाची माहिती देणे आणि त्या माहितीवर निवाडा करणे ही दोन निराळी कामे आहेत.

पेज ऑब्जेक्टच्या जोडीला इतर पॅटर्नही वापरले जातात. क्रोम, फायरफॉक्स यांपैकी हवा तो ब्राउझर उभा करून देण्याचे काम ‘फॅक्टरी’ पॅटर्न नेटकेपणाने करतो. संपूर्ण प्रोग्रामसाठी एकच ब्राउझर राखणारा ‘सिंगलटन’ मात्र पुष्कळदा केवळ सवयीने वापरला जातो, आणि एकाच प्रक्रियेत अनेक चाचण्या समांतर चालवण्याची वेळ येताच त्या एकमेकींच्या पानांवर कुरघोडी करू लागतात.

पान पूर्ण उमटण्याआधीच बटण शोधल्याने कधी उत्तीर्ण, कधी अनुत्तीर्ण होणाऱ्या लहरी चाचण्या पॅटर्नच्या केवळ नावाने सुधारत नाहीत. तेथे ठरावीक सेकंद थांबण्याऐवजी बटण दाबण्याजोगे होईपर्यंत वाट पाहावी लागते, आणि ही वाट पाहण्याची सोयही पेज ऑब्जेक्टमध्येच केली, तर प्रत्येक चाचणीला ती नव्याने करावी लागत नाही.