लोकलच्या मॉडेलला दिवे: रेझिस्टर किती ओहमचा?

वाशीहून लोकल सीएसएमटीकडे परत निघते तेव्हा गाडी वळवत नाहीत, दोन्ही टोकांचे दिवे बदलतात. मॉडेलमध्ये हेच करायचं असेल तर आधी रेझिस्टरचं गणित बघू.

साध्या डीसी मॉडेलमध्ये पूर्ण वेगाला रुळांवर साधारण 12 व्होल्ट असतात. पांढरा एलईडी त्यातले सुमारे 3 घेतो, उरलेले 9 रेझिस्टरवर पडतात. करंट 10 मिलिअँपिअर धरा: 9 ÷ 0.010 = 900 ओहम. दुकानात मिळेल तो त्याच्या वरचा, म्हणजे 1 किलोओहम घ्या. उष्णता सुमारे 0.08 वॅट, त्यामुळे पाव वॅटचा पुरतो. गणित नेहमी सर्वांत जास्त व्होल्टेज धरून करायचं.

आता खरी गोची. गाडी उलटी नेली की रुळांची पोलॅरिटी बदलते. एलईडी उलट दिशेने बहुधा 5 व्होल्टच सोसतो. उलट दिशेने करंट जवळजवळ वाहतच नाही, म्हणून रेझिस्टरवर काही पडत नाही आणि सगळे 12 व्होल्ट एलईडीवर येतात.

उपाय सोपा आहे. प्रत्येक टोकाला पांढरा आणि लाल एलईडी एकमेकांना उलटे, समांतर जोडा. दोघांत रेझिस्टर एकच. एक पेटला की दुसऱ्यावर उलटे 2-3 व्होल्टच येतात. शिवाय दिशेप्रमाणे दिवाही आपोआप बदलतो.

शेवटी पूर्ण वेगाला रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा आणि 1000 ने भागा. पांढऱ्यासाठी 9 मिलिअँपिअरच्या आसपास यायला हवं. नाही आलं तर लक्षात घ्या, 12 आणि 3 ही तुमची गृहीतकं होती. आधी तीच मोजून बघा. प्रयोगशाळेतही सुरुवात इथूनच करतात.