प्रवासातून आलेल्या पिल्लांची मरतूक: उजनीकाठच्या कोंबडीपालकांसाठी

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयाकाठी करमाळा, माढा, इंदापूर, दौंड आणि कर्जत या तालुक्यांतील जी गावे आहेत, तेथे ऊस आणि केळीच्या जोडीने परसातील कोंबडीपालन हा घरखर्चाला हातभार लावणारा जोडधंदा आहे. त्यासाठी लागणारी एक दिवसाची पिल्ले बहुधा दुरून येतात, कारण पसंतीच्या जातींचे मूळच दूरचे आहे: वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केली, गिरिराज बंगळूरची, तर कडकनाथ मध्य प्रदेशातील झाबुआची. फोनवर मागणी नोंदवली जाते, पिल्ले पुठ्ठ्याच्या पेट्यांतून टेम्पोने किंवा बसने येतात, आणि पहिल्याच आठवड्यात ती पटापट मरू लागली की ‘रोग आला’ असे गृहीत धरून हाताला लागेल ते प्रतिजैविक पाण्यात मिसळले जाते. बऱ्याच वेळा हे औषध निरुपयोगी ठरते, कारण पहिल्या तीन-चार दिवसांतील मरतुकीचे मूळ उबवणी केंद्रात, प्रवासात किंवा शेडमधील उबेत असू शकते. त्यामुळे पिल्ले कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि शेडच्या कोणत्या भागात मेली याची वहीत केलेली नोंद ही निदानाची खरी सुरुवात होय.

पिल्लांना असे दूरवर पाठवता येते ते त्यांच्या शरीररचनेमुळे. अंड्यातून बाहेर येण्यापूर्वी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते आणि त्या शिदोरीवर साधारण दोन ते तीन दिवस अन्नपाण्याविना जगू शकते. याच आधारावर अमेरिकेच्या टपाल खात्याने १९१८ मध्ये पिल्लांची पार्सले स्वीकारण्यास सुरुवात केली. परंतु २०२५ मध्ये तेथील डेलावेअर राज्यात सुमारे बारा हजार पिल्ले टपालाच्या वाहनात तीन दिवस अडकून पडली आणि त्यांतील हजारो मेली, यावरून ही मुदत किती काटेकोर आहे हे कळते. शिवाय ही मुदत पेटी हाती पडल्यापासून मोजायची नसते. पिल्लू उबवणी यंत्रात कवच फोडून बाहेर येते तेव्हापासूनच ती चालू होते, आणि म्हणून पिल्ले कोणत्या तारखेला व किती वाजता बाहेर काढली हे विक्रेत्याला विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

पोहोचलेल्या पिल्लांना खाद्याआधी कोमट पाणी, शक्यतो थोडा गूळ घातलेले, द्यावे आणि काहींची चोच स्वतः पाण्यात बुडवून त्यांना पाणी दाखवावे. पाणी सर्वांना मिळाले की भरडलेला मका किंवा पिल्लांचे खाद्य कागदावर पसरावे. चोवीस तासांनी काही पिल्ले हातात घेऊन गळ्याखालील अन्नाची पिशवी बोटांनी हलकेच चाचपावी. ती भरलेली आणि मऊ लागली तर पिल्लू खाऊन-पिऊन आहे, कडक लागली तर खाल्ले आहे पण पाणी मिळालेले नाही, आणि रिकामी लागली तर त्याला खाद्य सापडलेलेच नाही. ही तपासणी बिनखर्चाची असून उपासमारीने होणारी मरतूक वेळेत उघड करते. अशी मरतूक पोटातील बलक संपल्यावर, म्हणजे सर्वसाधारणपणे तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, एकदम वाढते आणि तिलाच साथ समजले जाते.

उबेचा प्रश्न याहून अवघड आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे तीन अंशांनी उतरवत न्यायचे असते. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तर हिवाळ्यात जलाशयाकाठी पहाटेची हवा गार आणि दमट असते. म्हणजे उन्हाळ्यात दुपारचा पत्रा आणि हिवाळ्यात पहाटेचा गारवा हे दोन वेगवेगळे शत्रू एकाच शेडमध्ये असतात. त्यातच रात्री वीज गेली आणि दिवे बंद पडले की पिल्ले एकमेकांना बिलगून कोपऱ्यात ढीग करतात व खालची गुदमरतात. सकाळी एकाच कोपऱ्यात चपटी झालेली मृत पिल्ले आढळली तर हेच घडले असे बहुतेक खात्रीने म्हणता येते. म्हणूनच ब्रूडरभोवती, म्हणजे कृत्रिम उबेच्या जागेभोवती, पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे करतात: कोपराच राहू नये हा त्यामागचा हेतू असतो. तापमापकापेक्षाही पिल्लांचे वागणे अधिक सांगते. दिव्याखाली गर्दी व सततचा चिवचिवाट म्हणजे थंडी. कड्याच्या कडेला पांगून चोच उघडी टाकलेली पिल्ले म्हणजे उष्णता. पिल्लाचे पाय स्वतःच्या गालाला लावून पाहिले आणि ते गार लागले तर ऊब कमी आहे असे समजावे. विजेला पर्याय म्हणून कोळशाची शेगडी ठेवणाऱ्यांनी पडदे पूर्ण बंद करू नयेत, कारण तिच्या विषारी वायूने पिल्लांबरोबर शेजारी झोपलेल्या माणसाचाही जीव जाऊ शकतो.

तापमान, पाणी आणि खाद्य सर्व ठीक असूनही पहिल्या आठवड्यात पिल्ले मरत राहिली, त्यांची पोटे फुगलेली व बेंबी ओली किंवा काळपट असली, तर बेंबीतून शिरलेल्या जिवाणूंनी बलक कुजवला असण्याचा संभव मोठा असतो. शवविच्छेदनात असा बलक न जिरलेला, हिरवट आणि दुर्गंधीयुक्त दिसतो. याचे मूळ सहसा उबवणी केंद्रातील अस्वच्छतेत असते व बाधित पिल्ले क्वचितच वाचतात. शेपटीखाली पांढरी विष्ठा चिकटलेली दिसली तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नये, कारण ती प्रवासातील ताणाने किंवा थंडीनेही चिकटते. पण तशी पिल्ले भराभर मरू लागली तर अंड्यातून येणाऱ्या पुलोरम या साल्मोनेला जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगाची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.

पाण्याचा मुद्दा उजनीकाठी विशेष गंभीर आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील सांडपाणी मुळा-मुठा व भीमेतून या जलाशयात उतरते आणि उन्हाळ्यात पाण्यावर हिरवट थर येतो. शेवाळासारख्या दिसणाऱ्या काही नील-हरित जिवाणूंचे विष पक्ष्यांना मारक असते, आणि पाणी उकळल्याने ते नाहीसे होतेच असे नाही. तेव्हा हिरवे पाणी पिल्लांना अजिबात देऊ नये. क्षार फार असलेले विंधनविहिरीचे पाणीही कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण आणते. पाण्यावाचून राहिलेल्या पिल्लांच्या हृदयावर व यकृतावर कधीकधी खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर सापडतो. हे युरेट क्षार असून या विकाराला गाउट म्हणतात.

साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, पिल्लांखाली अंथरायच्या गादीसाठी सहज मिळतो, पण ओला राहिला की त्यावर बुरशी धरते आणि तिचे बीजाणू श्वासात गेल्याने पिल्लांच्या फुप्फुसांत पांढऱ्या-पिवळ्या गाठी होतात. अशी पिल्ले मान ताणून, चोच उघडून श्वास घेतात, आणि त्यांवर खात्रीचा उपचार नाही. बुरशी लागलेल्या मक्यातील अफ्लाटॉक्सिन हे विषही तितकेच घातक आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, त्याचे कारण पुढे खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत सापडले.

तिसऱ्या आठवड्यानंतरची मरतूक हा वेगळा विषय आहे. रक्ती हगवण, गंबोरो आणि मानमोडी म्हणजे राणीखेत यांचा काळ तेव्हा सुरू होतो, आणि शेवटच्या दोहोंवर लसीकरणाखेरीज उपाय नाही.

भिगवण, कुंभारगाव परिसरात हिवाळ्यात रोहित व इतर स्थलांतरित पक्षी येतात. जंगली पाणपक्षी बर्ड फ्लूच्या विषाणूचे वाहक असू शकतात, म्हणून त्यांची विष्ठा पडेल अशा उघड्यावर खाद्य-पाणी ठेवू नये. या रोगाची भारतातील पहिली नोंद २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली होती.

पहिल्या आठवड्यात शंभरात एखादे पिल्लू दगावणे स्वाभाविक आहे. त्याहून अधिक मरू लागली तर ताजी मृत पिल्ले दोन पिशव्यांत बंद करून बर्फात, गोठू न देता, पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावीत आणि सोबत मरतुकीची वही द्यावी. एकाएकी आणि कारण न कळता मोठी मरतूक झाली तर मात्र पक्षी न हलवता आधी दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. बर्ड फ्लूसारख्या अधिसूचित रोगाचा संशय कळवणे २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे. उरलेली मृत पिल्ले चुना टाकून खोल खड्ड्यात पुरावीत. ती धरणाच्या पाण्यात फेकू नयेत, कारण तेच पाणी काठावरच्या पुढच्या गावातील माणसे आणि जनावरे पितात.