सेरेंगेटीचे ग्झिमेक

मी गुरांचा डॉक्टर. बर्नहार्ड ग्झिमेक मला जवळचे वाटतात ते त्यामुळेच. तेही मूळचे पशुवैद्य. बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेलं फ्रँकफर्टचं प्राणिसंग्रहालय त्यांनी १९४५ मध्ये हाती घेतलं, पुन्हा उभं केलं. १९५६ पासून जर्मन टीव्हीवर ते एखादं जिवंत जनावर घेऊन बसायचे, शांतपणे बोलायचे आणि वन्यजीवांसाठी पैसे मागायचे. लोक देत.

पण त्यांचं मोठं काम आजच्या टांझानियातल्या सेरेंगेटीत झालं. तिथल्या उद्यानाच्या सीमा बदलायचं ब्रिटिश सरकारच्या मनात होतं, आणि कळप वर्षभर कुठून कुठे जातात हेच कुणाला नीट माहीत नव्हतं. ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल विमान चालवायला शिकले, विमानावर झेब्र्याचे पट्टे रंगवले आणि आकाशातून जनावरं मोजली. विल्डबीस्टचे कळप आखलेल्या सीमेबाहेर चरायला जात होते! जानेवारी १९५९ मध्ये गिधाड धडकून विमान कोसळलं. मिखाएल गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. तरीही पुस्तक आलं, चित्रपट आला, त्याला ऑस्कर मिळालं.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. राष्ट्रीय उद्यानात माणसाची वस्ती नकोच, असं ते ठामपणे मांडत. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरं चारणाऱ्या मसाईंना १९५९ मध्ये सेरेंगेटी सोडून न्गोरोंगोरोकडे जावं लागलं.