गाडी दारात आली, नावावर कधी होणार?

बेळगावात टिळकवाडीपासून अनगोळपर्यंत कुठल्याही गल्लीत संध्याकाळी फेरी मारा, ‘जीए’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या चार-दोन गाड्या हमखास दिसतील. काही पाहुण्यांच्या असतात. सुट्टी संपली की चोर्ला घाटाने परत जातात. काही मात्र परत जात नाहीत. गोव्याच्या मेहुण्याने, मावसभावाने किंवा साडूने त्या विकलेल्या असतात, पैसेही चुकते झालेले असतात, फक्त कागदोपत्री त्या अजून डिचोलीला नाहीतर म्हापशालाच असतात. मालकाला विचारले की उत्तर ठरलेले. ‘घरातलीच गाडी हो, नावाचं काय, करू कधीतरी.’

आम्हीही पहिली चारचाकी गोव्यातूनच, वापरलेली घ्यायची ठरवले, तेव्हा हे ‘कधीतरी’ प्रकरण जवळून पाहायला मिळाले. गोवाच का, याचे कारण साधे आहे. पत्नीची थोरली बहीण डिचोलीत, त्यामुळे शोधाशोध करायला साडूभाऊ तयार. शिवाय गोव्याचे उत्तर टोक ते दक्षिण टोक जेमतेम शंभर किलोमीटर, म्हणून गाड्यांचे रनिंग कमी, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज. हा समज अर्धाच खरा आहे. गाडी किती चालली यापेक्षा ती कुठे उभी राहिली, हे गोव्यात जास्त महत्त्वाचे.

सोबत आमच्या ओळखीचे मेस्त्री होते. पहिली गाडी पाहिली पेडणे तालुक्यात, समुद्राला लागून असलेल्या एका गावात. रंग चकाचक, सीट कव्हर नवे, मीटरवर तीस हजारांच्या आतला आकडा. मेस्त्रींनी इंजिन ऐकले, मग सरळ जमिनीवर आडवे झाले आणि खालूनच म्हणाले, ‘इंजिन छलो ऐत्री सर, तळ नोड्री.’ वाकून पाहिले. जॅक लावायच्या जागी बोट दाबले तर पत्र्याचे पापुद्रे हातात आले. दाराखालच्या पट्टीला त्यांनी खिशातले चुंबक लावले, ते चिकटेना. आत पत्रा कमी आणि लांबी जास्त होती. खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचे असेच होते. इंजिनचे काम करून घेता येते, पण गंजलेला सांगाडा कोण बदलणार?

दुसरी गाडीही पेडण्यातलीच. पांढरी पाटी, एकच मालक, भाव मात्र फार उतरलेला. गोव्यात पर्यटकांना स्वतः चालवायला भाड्याने देतात त्या गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात. काही वर्षे धंदा केला की मालक रीतसर त्यांचे खासगी वाहनात रूपांतर करून विकतात. यात बेकायदा काही नाही. पण रोज नवा चालक बसलेली गाडी आणि एका कुटुंबाने वापरलेली गाडी यांत फरक हा असतोच. पूर्वीच्या वापराची नोंद आरटीओच्या दप्तरी राहते. आम्ही विचारले तेव्हा विक्रेत्याने लपवले नाही, हे त्याचे चांगलेच म्हणायचे.

तिसरी डिचोली तालुक्यातली, साडूंच्या शेजारच्या निवृत्त शिक्षकांची. २०१६ ची वॅगनार. या भागात खाणींची लाल धूळ गाडीच्या कुठल्या कुठल्या सांध्यात शिरते हे मेस्त्रींना ठाऊक होते, म्हणून त्यांनी आधी एअर फिल्टर आणि दाराचे रबर पाहिले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मधल्या काळात सुरू होऊन मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. त्या दोन्ही वेळी ट्रकांपाठोपाठ घरच्या गाड्याही मिळेल त्या भावाने विकल्या गेल्याचे साडू सांगतात.

मग पुराची तपासणी. जुलै २०२१ च्या पुराने डिचोली आणि सत्तरीला चांगलेच झोडपले होते, आणि ऑगस्ट २०१९ चा पूर तर बेळगावकरांनीही अनुभवला आहे. मेस्त्रींनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पट्ट्यावर चिखलाची रेघ आहे का ते पाहिले, स्टेपनीखालचा खळगा चाचपला, सीटच्या रुळांना गंज नाही याची खात्री केली. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचून दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. गाडी पास झाली. भाव ठरला, चहा झाला.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. आरसीवर एका बँकेचा बोजा दिसत होता. गुरुजी म्हणाले, कर्ज फिटून तीन वर्षे झाली. ते खरेच होते, पण बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन नोंद उतरवायची राहिली होती. साडूंनी तोडगा काढला. गाडी आजच न्या, गुरुजी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देतील, बाकी सावकाश. मी म्हटले, बोजा उतरू दे, बेळगाव आरटीओच्या नावाची एनओसी निघू दे, मग येतो. साडूंचा चेहरा उतरला. ‘सर, शेजारी माणूस आहे. तुम्ही त्यांच्यावर अविश्वास दाखवता असं होतं.’ पत्नीलाही बहिणीच्या घरी अवघडल्यासारखे झाले. आपल्याकडे नात्यात कागद मागणे म्हणजे जणू भांडण मागणे!

मी गुरुजींशीच बोललो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात दिलेला निकाल त्यांना सांगितला. त्या प्रकरणात मूळ मालकाने २००७ मध्ये गाडी विकली, ती पुढे आणखी काही हातांत फिरली आणि २००९ मध्ये अपघात झाला. नोंदीत नाव मात्र पहिल्याचेच. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. विमा चालू नसेल तर असा बोजा थेट माणसाच्या डोक्यावर येतो. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘म्हणजे तुम्ही माझ्यासाठी थांबताय.’ दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते बँकेच्या दारात हजर होते.

तीन आठवडे लागले. बोजा उतरला, थकलेले ई-चलन भरले गेले, फॉर्म २८ वर एनओसी निघाली. तेव्हा उरलेले पैसे देऊन साखळी, केरी, कणकुंबी, जांबोटी अशी गाडी बेळगावला आणली.

इकडचे काम वेगळे. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवा क्रमांक घ्यावाच लागतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ४७ तसे सांगते. कर्नाटकाने २०१४ मध्ये कर कायद्यात दुरुस्ती करून तीस दिवसांनंतरच कर मागायला सुरुवात केली होती. ती दुरुस्ती २०१६ मध्ये उच्च न्यायालयात टिकली नाही. पण आमच्यासारख्या गाडी इथेच ठेवणाऱ्यांनी त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. फॉर्म २७, २९, ३०, विमा, पीयूसी, चासी क्रमांकाचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा, गाडी प्रत्यक्ष दाखवणे आणि आजीवन कर. कर्नाटकचा हा कर देशातल्या चढ्या करांपैकी आहे. तो आपण गाडी कितीला घेतली यावर ठरत नाही. मूळ किंमत आणि गाडीचे वय पाहून ठरतो. गोव्याहून गाडी ‘स्वस्त’ आणणाऱ्यांच्या हिशेबात हीच ओळ गायब असते. आम्ही ती आधीच धरली होती, म्हणून भाव करताना कुठे थांबायचे ते ठाऊक होते. पंधरा वर्षे होत आलेली गाडी पाहत असाल तर आणखी एक आकडा लक्षात ठेवा. एप्रिल २०२२ पासून नोंदणी नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली आहे.

विम्याचेही तसेच. खरेदीनंतर चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची. ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाकडेच राहतो.

केए २२ ची पाटी लागल्यावर फोटो डिचोलीला पाठवला. साडूंचा फोन आला. राग गेला होता. गाडीबद्दल दोन वाक्ये बोलून त्यांनी हळूच विचारले, ‘सर, चार वर्षांपूर्वी मी माझी स्कूटर खानापूरच्या भाच्याला दिली होती. ती अजून जीए ०४ वरच आहे, माझ्याच नावावर. तो फॉर्म २९ मिळतो कुठे?’